शेवटून पहिली

रविवारी साडेपाचला फुटाळ्यावर जमतो आम्ही.
अकरा गाड्या, शोरूमची एकही नाही.
खोब्रागडेंची फायबरची, अजून रंगाविना;
ढोके भावांची, इंजिन मारुतीचं, दिवे स्कूटरचे.
माझी शेवटून पहिली, कारण
पाने, वायर, जास्तीचं ऑइल माझ्याकडे.

रामटेकला जायचं असतं.
कन्हानच्या पुलाआधी कुणाचं तरी काहीतरी जातंच.
आज उर्मिलाताईंची क्लचची केबल.

"काहून तुटली बाप्पा?"
बॉनेटभोवती अकरा डोकी, तेरा सल्ले.
थर्मासच्या झाकणातून चहा फिरतो,
ताई रस्त्यावर आडव्या, नुसते पाय दिसतात,
हात बाहेर येतो : दहाचा पाना.
मी देतो.

ऊन चढतं.
चार वर्षांत क्लब रामटेकला पोचलेला नाही.
गडावरची माकडं वाट पाहत असतील.
पाहोत बापडी.