माणशी एक

साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर
बॅग मशीनमध्ये सरकली
आणि यशोधननं माझा दंड धरला.

मेथीच्या लाडवांच्या डब्याखाली,
त्याच्या लोकरी मोज्यात
लाल वाइनची बाटली.

चाळीस वर्षांपूर्वी अशीच
तांदळाच्या पिंपात होती,
मामंजींच्या खोकल्याकडे
आम्हा दोघांचे कान.

आता लपवावं असं कोणी उरलं नाही.
म्हणून तर इतकी जीव लावून लपवलेली.

पोरगेलासा शिपाई पडद्याकडे बघत म्हणाला,
माणशी एक चालते, मॅडम.
फक्त जेवणाच्या टेबलावर नेलीत
तर बूच काढायचे वीस पौंड.

चालते?
यशोधनचा चेहराच पडला.

केबिनमध्ये शिरल्यावर त्यानं कडी शोधली,
खिडकीचा पडदा ओढला,
बाहेर नुसता समुद्र,
आणि दात घासायच्या पेल्यात
आवाज न करता ओतली.