आंबोण

पत्ती भिजवायची, कापायची, वळायची, दोरा मारायचा.
एकतीस वर्षं.
तंबाखूच्या भुकटीनं नाक कधी नेलं
ते नाकालाही कळलं नसेल.
भाजी करपली की शेजारीण भिंत वाजवते.

आता कुंभारीत, न्हाणीच्या मागं निळं पिंप.
त्यात बार्शीच्या डाळमिलची तूरचुणी,
गिरणीतला ज्वारीचा कोंडा,
सात रस्त्याच्या ज्यूसवाल्याकडची डाळिंबाची साल.
साल बेतानंच, वाळवून, कुटून.
जास्त झाली की तुरट लागतं, कोंबड्या माना फिरवतात.
गुळाचं पाणी, वाटीभर ताक.
मुठीत दाबलं तर लाडू वळावा
आणि बोटांतून थेंब गळू नये.
एवढं या बोटांना येतं.
एक विडी सैल निघाली तर
मुकादम अख्खा कट्टा फेकायचा तोंडावर.

पहिल्या खेपेला
चौथ्या दिवशी झाकण काढलं, हात घातला.
ऊब होती.
ऊब म्हणजे चांगलंच असणार, म्हणून घातलं पुढ्यात.
सांजेला सात जणी पिसं फुगवून बसल्या,
सकाळी पाच उठल्या नाहीत.
त्यात ती तांबडी, माझ्या पावलावर येऊन बसायची ती.
सगळे म्हणाले, रोग आला.
मी पिंप धुवायला काढलं
तर अंबुबाई गुंडेटी दारातच थांबली,
पदर नाकाला.
ती काही बोलली नाही.

तेव्हापासून मेहजबीनला बोलावते.
आठवीत आहे, गल्लीत कुणाकडं काय शिजतंय ते घरी बसून सांगते.
झाकणाची कड उचलते, डोळे मिटते.
"इडलीचं पीठ, काकू."
थांबते.
"मागून डाळिंब. जरा ताडीवानी पण येतंय की ओ."
कुबट?
"नाही."
मगच मी घमेलं घेते.
तीन वाटे दाणा, एक वाटा हे.
वास घ्यायचं एक अंडं ठरलंय, ती दोन नेते.

जूनमध्ये ती मामाकडं जाणार, लातूरला, शिकायला.

म्हणून रात्री पिंपाला कान लावून बसते.
आत बारीक बारीक काही फुटत असतं,
तापल्या तव्यावर मीठ पडल्यासारखं.
पहिल्या रात्री दाट, मग विरळ,
मग मध्येच एखादं,
झोपेत कुणी ओठ उघडावेत तसं.

आज ती आली तेव्हा मीच आधी म्हटलं,
झालंय.
ती वाकली, हुंगलं,
झाकण हळूच परत बसवलं.
"उद्या," म्हणाली.