मोजा

नगरपालिकेची बाई अडीचला आली,
तेव्हा अंधार पडून अर्धा तास झाला होता.
नोव्हेंबरात कालिक्सला दिवस असाच येतो,
उसने मागायला आलेल्या भाच्यासारखा,
दारातूनच परत जातो.

तिनं बूट बाहेर काढले,
टॅब्लेट मांडीवर घेतला आणि विचारलं,
उजव्या पायात मोजा चढवायला
किती वेळ लागतो, गुनवोर?

चार मिनिटं, मी म्हटलं.
थरथर माझ्याआधी उठून बसली असेल
त्या दिवशी अकरा.
सरासरी सांगा, ती म्हणाली.

सरासरी पायात मोजा घातलाय कधी कुणी?
पण मी सात म्हटलं.
मग डावा पाय. मग बटणं, घास, आंघोळ.
रात्री किती वेळा उठता, त्याला रकाना होता.
उठण्याआधी अंधारात पडून
कुणाला हाक मारू की नको करतो, त्याला नव्हता.

कायद्याला मी नावं ठेवणार नाही.
यिंगवे एकोणतीस वर्षं त्या पिवळ्या इमारतीत होता,
जिथं दाराची मूठ फक्त बाहेरून होती.
मग हे घर झालं. सहा खोल्या, एक स्वयंपाकघर,
मदतनिसांचा पगार सरकारचा,
आणि यिंगवेच्या गळ्यात त्याची स्वतःची किल्ली.
पहिल्या हिवाळ्यात तो दिवसातून चाळीसदा
बर्फात जायचा आणि कुलूप उघडून घरी यायचा.
नुसता घरी यायचा.
सगळी ऊब दारातून पळायची.
हीटरचं बिल दुप्पट आलं. तेही सरकारनं भरलं,
कारण विचारलं नाही.

पण एक गोष्ट मी बाईंना सांगितली नाही.

रोज सव्वासातला सिक्स्तेन येतो,
भिंतीला हात लावत. डोळ्यांत त्याच्या आता
नुसत्या कडा उरल्यात.
आरागिरणीत लाकडं चाचपलेला तो हात,
त्याला माझा पाय बरोबर सापडतो.
गुडघ्यावर टाच ठेवायची. चाळीस सेकंद.
मग त्याची पत्रं मी वाचून दाखवते,
बँकेची, मुलीची,
सरकारची तर दोनदा.

हे सांगावं, तर वजाबाकी होते.
मदत आहेच की घरात, असं लिहितात,
आणि सकाळची मदतनीस जाते.
म्हणून एक्याऐंशीव्या वर्षी मी
एकमेकांच्या उपयोगी पडणं लपवते,
मुरंब्याची बरणी लपवावी तसं.

करून दाखवाल का, बाईंनी विचारलं.
तिनं घड्याळ लावलं. मी वाकले.
मोजा अंगठ्याला अडकला आणि तिथंच नाचत राहिला.
एक मिनिट. दोन.
राईयानं कॉफीचा डबा उगाच पुसला.
टेबलाखाली सिक्स्तेन
स्वतःचा हात स्वतःच्या हातानं धरून बसला होता.
तीन. मोजा, मी मनात म्हटलं,
मोजा, बाई, मोजा.

यिंगवेला खोटं बोलता येत नाही,
ते त्याला कुणी शिकवलंच नाही.
चौथ्या मिनिटाला तो मोठ्यानं ओरडला,
सिक्स्तेन! तुझं काम!

कुणीच काही बोललं नाही.
मग खुर्ची सरकली.
सिक्स्तेन माझ्यासमोर खाली बसला, पाय शोधला,
टाच गुडघ्यावर घेतली.

झालं. मोजा चढला.
बाईंच्या मांडीवर घड्याळ चालूच होतं.
त्या सिक्स्तेनच्या हाताकडे बघत होत्या,
जो अजून माझ्या घोट्यावरची सुरकुती सरळ करत होता.
पाच. आठ.
अकराला त्यांनी स्क्रीन उलटी ठेवली
आणि कॉफी मागितली.
काय लिहिलं, ते दिसलं नाही.

निघताना यिंगवे दारापर्यंत गेला.
त्यानं कुलूप उघडलं, लावलं,
परत उघडलं, परत लावलं.
बाई बुटांच्या नाड्या न बांधता,
टोपी हातात घेऊन,
त्याचं होईपर्यंत उभ्या राहिल्या.

पत्र जानेवारीत येईल म्हणतात.
सिक्स्तेनला मीच वाचून दाखवीन.