बशीतलं वर्तुळ

सकाळी झाकण उघडते.
काल पेरलेले जंतू रात्रीतून वर आलेत,
साय धरावी तसे, बशीभर, पिवळसर.
मधोमध कागदाची टिकली,
पापांच्या बर्गामोटचा एक थेंब प्यालेली,
आणि तिच्याभोवती नितळ वर्तुळ:
इथे वस्ती नाही.
पट्टी लावते. एकोणीस मिलिमीटर.

कोंदोफुरीच्या उतारावर, नोव्हेंबरात,
पापा हिरवी साल स्पंजावर दाबायचे
आणि मनगटानं पीळ द्यायचे.
सुईच्या टोकाएवढ्या कोठ्या फुटायच्या,
भांड्यात टिपटिप.
दोनशे किलो फळं, तेल किलोभर.
बोट कापलं की त्यावर तेच.
चरचरतं म्हणजे काम करतं, म्हणायचे.

आता मला नावं ठाऊक आहेत.
लिमोनीन, लिनालूल, लिनालिल ॲसिटेट.
लिमोनीनचे तर दोन जुळे,
उजवा हात आणि डावा हात;
उजव्याला संत्र्याचा वास,
डाव्याला टर्पेंटाइनचा.
पाण्याशी यांचं पटत नाही, चरबीशी पटतं.
म्हणून जंतूच्या कातडीत शिरतात,
तिची वीण सैल करतात,
आणि आतलं मीठ पाझरत जातं
गळक्या घागरीतून जावं तसं.

दुसरी बशी. सुडोमोनस.
हिरवट साय थेट टिकलीच्या कडेला भिडलेली.
यांच्या घराला दुहेरी भिंत,
वर आत आलेल्याला बाहेर उपसणारे पंप.
सहा मिलिमीटर.
सहा म्हणजे टिकलीच नुसती.
वहीत शून्य लिहिते, रेघ मारते,
पुन्हा शून्य लिहिते.

हाच राहतोय पापांच्या छातीत, सोळा दिवस झाले.

संध्याकाळी रेज्जोच्या इस्पितळात
मास्कमागून विचारतात, मारतं का गं?
बशीत मारतं, पापा.
मान हलवतात. मी सांगितलंच होतं, अशी.
कुठल्या बशीत, ते विचारत नाहीत.
मीही सांगत नाही.

मग म्हणतात, बाटली आण, उशाशी ठेव.
नर्स फोर्तुनाता नाही म्हणते,
ऑक्सिजनपाशी तेल चालत नाही, कॉन्सोलातो,
तुमच्यासकट मजला पेटेल.
त्यांना हसू येतं, हसण्याचा खोकला होतो.

दंडावर अजून ते काळे डाग,
तेलाच्या हातांनी भर उन्हात फिरल्याचे.
बर्गाप्टेन. याचंही नाव मला येतं.
झोप लागल्यावर
चादरीखाली उजवं मनगट हलत राहतं.
दाब, पीळ.
दाब.