हिल्लाची जागा

कायानीत पहिल्या वर्षी मी फार बोलायचे.
बसथांब्यावर समोरचा माणूस
हळूच एक पाऊल मागे सरकायचा,
मी एक पाऊल पुढे,
असे आम्ही थांब्यापासून बरेच लांब जायचो
आणि बस निघून जायची.

दवाखान्याच्या लॅबमध्ये मी रक्त काढते.
तिथं बरं असतं.
बाही वर जाते, हात पुढे येतो, नळी भरते.
दुखलं का, असं मी प्रत्येकाला विचारायचे.
तौनो नावाच्या एका म्हाताऱ्यानं
बराच वेळ विचार केला
आणि म्हणाला, "अजून नाही."

शेजारी राइली कार्पिनेन, वय एक्क्याऐंशी.
चार वर्षं आमचं नातं म्हणजे
धुलाईखोलीच्या दारावरची यादी:
मंगळवारी सहा ते आठ ती,
आठ ते दहा मी.
दारावरचं खांबेटे वाचून ती मला कांपेते म्हणते.
आता फोनवर मीच कांपेते म्हणते,
काम लवकर होतं.

मे महिन्यात बर्फ गेला की अख्खी इमारत
मिळून अंगण झाडते,
मग सॉसेज भाजतात, गप्प उभं राहून खातात.
मी डबाभर पोहे नेले होते.
तिसऱ्या दिवशी डबा परत आला,
दाराच्या मुठीला पिशवीत अडकवलेला,
घासून लख्ख
आणि रिकामा.
आईला हे सांगितलं नाही.
आमच्या घरी रिकामा डबा परत करत नाहीत,
निदान साखरेचे चार दाणे तरी.

डबा परत द्यायचा राहिलेला नव्हता,
ती फक्त ऑगस्टची वाट बघत होती
हे मला ऑगस्टात कळलं.
"उद्या पाचला. रबरी बूट. तोच डबा."
गाडीत ती तीनदा आरशात बघून घेत होती
मागून कुणी येतंय का.
कच्चा रस्ता, मग रस्ताही नाही,
मग शेवाळावर पाऊल टाकलं की
खालून पाणी श्वास घेतं.
आणि डासांच्या ढगाखाली
एकेका देठावर एकेक हिल्ला.

"लाल नको," ती म्हणाली. "लाल म्हणजे कच्चं."
इथं फळ पिकतं तसं फिकं होत जातं,
लालाचं केशरी, केशराचं मधासारखं,
आणि बोटात धरलं की फुटतं.

परतताना इंजिन सुरू करून ती म्हणाली,
ही आमची दलदल.
की म्हणाली, ही आपली दलदल?
तिच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द.
मी मराठीत तो घरापर्यंत
मांडीवरच्या भरल्या डब्यासारखा
सांभाळत आणला,
कुठे ठेवावा ते ठरेना.

पुढच्या हिवाळ्यात तिचं खुब्याचं हाड मोडलं.
आता ती तलावापलीकडच्या आश्रमात असते.
मंगळवारी सहा ते आठ कुणीच नाव लिहीत नाही.
मी एकटी जाते, तीनदा आरशात बघते,
बरणी तिच्या उशाशी ठेवते.
ती उजेडात धरून बघते,
एक लाल दाणा शोधून काढते
आणि माझ्याकडे पाहते.

परवा फोनवर आईला सहज म्हटलं,
आपल्याकडे यंदा फळ कमीच आलंय.
पलीकडे जरा वेळ
फक्त कुकरची शिट्टी.
मग आई म्हणाली, "तुमच्याकडे
पाऊस नाही झाला का गं?"

आज लॅबमधली नवी मुलगी युलियाना,
कोलंबियाची, आली त्याला तीन महिने झालेत,
बसथांब्यावर माझी केशरी बोटं बघून ओरडलीच,
कुठे मिळालं, कुठे, मला ने ना,
मला इथं कुणी काही सांगतच नाही!

मी एक पाऊल मागे सरकले.
"तिकडे," म्हटलं. "रानात."
ती एक पाऊल पुढे आली.

बस यायला अजून चार मिनिटं होती.