तिसरा स्क्रू

वेनपेईचा मेसेज आला रात्री पावणेदोनला.
तिकडे वूशीत सकाळचे पावणेनऊ.
"आरशाच्या चौकटीचा तिसरा स्क्रू.
किती घट्ट?"

एवढंच. ख्यालीखुशाली नाही.
यंत्र बंद पडलं की ती अशीच लिहायची.

उत्तर मला पाठ आहे,
खरं तर मनगटाला पाठ आहे,
धाकट्याच्या बुटाची नाडी बांधावी तसं.
फेल्डहोव्हनच्या त्या धूळ नसलेल्या खोलीत
पांढरे बुरखे घालून आम्ही दोघं चौकटीपुढे बसलेलो,
एकमेकांचे नुसते डोळे दिसायचे.
म्हटलं, आकड्यावर जाऊ नकोस, कान दे.
ती हसली असावी. बुरख्याची कड हलली.

तीन महिने होती.
कालव्याकाठी सायकल शिकताना गुडघा फोडून घेतला,
आन्नेलिसने लावलेली पट्टी आठवडाभर काढली नाही.
एकदा विचारलं, तुमच्या चिप जातात कशात?
"भाताच्या कुकरमध्ये," म्हणाली. "बहुतेक."

त्या 'बहुतेक'ला मी हसलो होतो.

मग हेगहून पत्र आलं.
त्याआधी म्हणे वॉशिंग्टनहून फोन.
बेचाळीस खोकी विमानतळावरून परत आली,
चिकटपट्टीसुद्धा न उसवता.
आम्हाला सभागृहात बसवून वकीलबाईंनी स्लाइड दाखवल्या:
यंत्र बंद, सुटे भाग बंद,
आणि खाली, बारीक अक्षरात, सल्लाही बंद.
मागून रीन्डर्टने विचारलं, "नुसतं फोनवर सांगितलं तर?"
"तीही निर्यातच."

त्या दिवसापासून माझ्या जिभेवर जकातनाका बसला.

पेपरवाले शर्यत म्हणतात.
कोणाचं यंत्र आधी विचार करायला शिकेल,
कोणाचा बाजार बुडेल,
कोणाची क्षेपणास्त्रं त्या विचाराच्या बोटाला धरून उडतील.
खोटं नाही ते. मीही घाबरतो.
थोरला यंदा नौदलात गेलाय,
कुठल्या समुद्रात आहे ते आम्हाला सांगत नाहीत.
दोन्हीकडे अळीमिळी गुपचिळी.

पण एवढ्या मोठ्या शर्यतीचं घोडं
अडलंय ते माझ्या उशीशी,
करंगळीच्या नखाएवढ्या स्क्रूवर.

आकडा टाइप केला.
पुसला.
पुन्हा टाइप केला, दशांशचिन्हापर्यंत.
आन्नेलिस कूस बदलून म्हणाली, कोण आहे?
कुणी नाही, म्हणालो,
आणि हे कुणाच्याही यादीत न बसणारं खोटं
सगळ्यांत जास्त लागलं.

शेवटी लिहिलं, "गुडघा कसा आहे?"

बराच वेळ काही नाही.
मग, "थंडीत दुखतो."
मग काहीच नाही.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता.
पान्हा घेऊन गेलो, दिवा न लावता.
थोडं आवळलं, थांबलो, कान दिला.
अजून थोडं.

नेमकं कुठे थांबायचं ते कळलं.
सांगण्याजोगं होतं.