नवा गुडघा

फतेहगंजच्या देवळात
तीस वर्षं पहिल्या रांगेत गुडघे टेकले,
पाठ ताठ.
कोण टेकत नाही
तेही डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोजलं.

आता पोलादी सांधा.
डॉक्टर म्हणाले, बावतीसकाका, खाली बसायचं नाही.

मागच्या बाकावर असतो.
मार्थाबेनचा नातू उशी आणतो,
मी नको म्हणतो,
मग घेतो.

प्रार्थना गुजरातीत चालते.
मी ओठांतल्या ओठांत मराठीत,
म्हणून नेहमी एक शब्द मागे.

‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’,
इथं जीभ अडते, रोजच.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात असतो
तर कानस मारून बसवलं असतं.

प्रभो, गुडघा तर गेला.
उरलंय तेही वाकत नाही.
तेल कुठं घालायचं
तूच बघ.